खालच्या गल्लीची घटना

कुरुंदवाडात दीक्षा कुरणेंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. कनिष्ठ महाविद्यालयात त्या राज्यशास्त्र शिकवतात. सोपा विषय म्हणून पोरं तो घेतात आणि बाईंच्या तासाला बसल्यावर पस्तावतात. बाई उंचीनं बेताच्या, पण आवाज खणखणीत. गल्लीत भांडण लागलं तर नळावर उभं राहून त्या दोन वाक्यं बोलल्या तरी पुरतं. मत एकदा झालं की ते बदलायला त्यांना त्रास होतो, हे त्या स्वतःच सांगतात. पण त्यांनी ते एकदा बदललं, आणि त्यामुळं आमच्या गल्लीचं काय झालं, ती ही हकीकत.

खालची गल्ली म्हणजे गावाचं नदीकडचं टोक. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की गावात आधी ते आमच्याकडं येतं. गल्लीत मराठा, मुसलमान, बौद्ध, जैन, लिंगायत, सगळ्यांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. सणावारी एकमेकांकडं ताटं जातात आणि वर्षातून दोनदा गटारीवरून कडाक्याचं वाजतंही.

एकवीस सालच्या पुरात बाहेरून मदतीची एक बोट आली. ती चौकात थांबली आणि ज्याचा फोन लागला, त्याच्या दाराशी गेली. फातिमा बैरागदारचा फोन गावातल्यांना लागत होता, पण बोटीवाल्यांना नाही, आणि बोटीला हुकूम कोण देणार तेच कुणाला ठाऊक नव्हतं. फातिमा ब्लाउज शिवते. तिची सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली. घरात पाणी शिरल्यावर म्हातारीला माळ्यावर चढवलं होतं. एकानं सांगितलं, अमक्याला विचारा. अमक्यानं तमक्याचं नाव घेतलं. शेवटी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा इलाही गुऱ्हाळावरची काहील, गूळ करायची ती भली मोठी कढई, पाण्यात लोटून आला आणि तिच्यात बसवून म्हातारीला त्यानं कोरड्यात नेलं. पण गारठा अंगात शिरायचा तो शिरला होता. पाणी ओसरल्यावर थोड्याच दिवसांत म्हातारी गेली.

बाई तेव्हा वरच्या अंगाच्या शाळेतल्या छावणीत होत्या. तिथं जो तो सल्ला देत होता आणि निर्णय मात्र कुणी घेत नव्हतं. ते बघून बाईंनी मनाशी एक गाठ मारली. संकटात दोरी एकाच्या हातात पाहिजे, बाकीच्यांनी गप ऐकलं पाहिजे.

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका सेवाभावी संस्थेनं गल्लीला इंजिनाची फायबरची बोट द्यायचं ठरवलं. अट एकच होती. गल्लीनं समिती नेमावी आणि बोट कशी चालवायची त्याचे नियम लिहून द्यावेत. लिहायचं काम अर्थातच बाईंकडं आलं. त्यांनी एका बैठकीत मसुदा उरकला. एक प्रमुख, पाच वर्षांसाठी. पुराच्या काळात त्याचा शब्द अखेरचा. बाकी समिती त्याला मदत करील.

आमच्या खालच्या शाळेच्या व्हरांड्यात गल्ली जमली आणि बाईंनी मसुदा वाचला. माणसं माना डोलावत होती. मागं बायकांत बसलेली फातिमा उभी राहिली.

“बाई, त्या मानसाचंच चुकलं तर कुनाला विचारायचं?”

पुरात विचारायला वेळ नसतो, असं बाईंनी सांगितलं.

“मागच्या पुरात कुनाला विचारायचं ते कळत न्हवतं,” फातिमा म्हणाली. “आता कळंल, पर विचारता येनार न्हाय. मग फरक काय पडला?”

बाईंनी बैठक पुढं ढकलली आणि तणतणत घरी गेल्या. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. दरसाल त्या पोरांना राज्यघटना शिकवत होत्या. कलमं, भाग, तारखा, सगळं तोंडपाठ. मात्र ती घटना करताना माणसं एकमेकांशी काय बोलली, ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं. पुढच्या सुट्टीला त्यांनी कोल्हापूरची एसटी धरली आणि ग्रंथालयातून संविधान सभेतल्या चर्चांचे जाडजूड खंड काढून बसल्या. इंग्रजी जुन्या वळणाचं, पण बाई चिकाटीच्या.

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा सभागृहापुढं ठेवला, तिथवर त्या आल्या. बाबासाहेबांनी तिथं एक पेच उलगडून सांगितला होता. सरकार टिकाऊ पाहिजे आणि जबाबदारही पाहिजे, पण दोन्ही गोष्टी सारख्या मापात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत टिकाऊपणा जास्त देते, इंग्लंडची जबाबदारी जास्त. घटनेच्या मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलंय, कारण त्या पद्धतीत सरकारला सभागृहात रोजच्या रोज जाब द्यावा लागतो.

बाईंनी तो भाग परत वाचला. त्यांच्या आजोबांनी छप्पन सालात दीक्षा घेतलेली, त्यावरूनच नातीचं नाव ठेवलेलं. बाबासाहेबांचा शब्द म्हणजे त्यांच्या घरात शेवटचा शब्द. आणि आता कोल्हापुरातल्या त्या लांबलचक टेबलाशी त्यांच्या ध्यानात आलं की आपला मसुदा बाबासाहेबांनी पहिल्याच फटक्यात नापास केला असता. फातिमानं जे विचारलं होतं ते त्या सभागृहातही विचारलं गेलं होतं, आणि उत्तर तिच्या बाजूनं लागलं होतं.

पुढच्या बैठकीत बाईंनी मसुदा मागं घेतला. का घेतला, तेही लपवलं नाही. फातिमाभाभींचं बरोबर होतं, माझं चुकलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग त्यांनी गल्लीला संविधान सभेची गोष्ट सांगितली. मसुदा छापून काही महिने लोकांपुढं ठेवला होता. त्याच्यावर सात हजारांहून जास्त दुरुस्त्या आल्या आणि त्यातल्या दोन हजारांवर सभागृहात मांडल्या गेल्या. फाळणीनं देश पेटलेला, निर्वासितांचे लोंढे येतायत, संस्थानं विलीन करायचीयत, आणि ही माणसं एकेका शब्दावर वाद घालत बसली होती. विरोध करणाऱ्यालाही पुरतं बोलू दिलं जात होतं.

“त्यांनी देशासाठी तीन वर्षं काढली,” बाई म्हणाल्या, “आपण बोटीसाठी तीन महिने काढू.”

तीन महिन्यांचे सहा झाले. दर पंधरवड्याला व्हरांड्यात बैठक बसायची. कुणीही दुरुस्ती आणावी, ती वाचली जाईल, आणि आधी विरोधकाला बोलायला मिळेल, असा रिवाज पडला.

सगळ्यांत मोठा वाद मतांवरून झाला. गणपतराव आमच्या गल्लीतले मोठे शेतकरी. माणूस सरळ, पण शब्दाला वजन असायची सवय. त्यांचं म्हणणं असं की बोट त्यांच्या शेडात राहणार, ओढून न्यायला ट्रॅक्टर त्यांचा लागणार, पुरात सगळ्यांत जास्त नुकसानही त्यांचंच होतं, मग त्यांच्या मताला जरा जास्त किंमत नको का. बऱ्याच जणांना ते पटण्यासारखं वाटलं. बाईंनी त्यांना मधे तोडलं नाही. सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “आण्णा, आपल्या गावात स्वातंत्र्याआधी संस्थान होतं, इथं राजाचंच चालायचं. शेजारच्या इंग्रजी मुलखात मत होतं, पण शेतसारा भरणाऱ्याला नाहीतर शिकलेल्याला. घटना करणाऱ्यांना तीच रीत पुढं चालवता आली असती. शंभरात ऐंशीहून जास्त माणसांना सही येत नव्हती. तरी त्यांनी ठरवलं, एकवीस वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला एक मत, बाई असो बाप्या असो. एवढा मोठा देश त्यांनी या भरवशावर सोडला. आपली तर एक बोट आहे.”

“पर नुकसान ज्येचं जास्त...” गणपतराव बोलू लागले.

“पुरात जीव जातो, आण्णा. तो सगळ्यांचा एकेकच असतो.”

मत झालं. गणपतरावांची दुरुस्ती पडली. ते रुसून दोन बैठका आले नाहीत. तिसऱ्या बैठकीला आले, पुढच्या सतरंजीवर बसले आणि बोट माझ्याच शेडात ऱ्हाईल, तेवढं लिवा, म्हणाले. ते लिहिलं.

इलाहीनं एकच कलम आणलं. बोट चालवणारा मीच आहे, तेव्हा पाण्यात जायचं का नाही हे ठरवायचा हक्क चालवणाऱ्याचा. प्रमुखानं सांगितलं म्हणून कुणी मरणात उडी घ्यायची नाही. बाईंना हे फार आवडलं. न्यायालयं सरकारच्या मुठीबाहेर ठेवताना त्या माणसांनी असाच विचार केला होता, असं त्यांनी समजावलं. काही गोष्टींचा निवाडा हुकूम देणाऱ्याकडं ठेवायचाच नसतो.

आणीबाणीचं कलम मात्र बाईंनी स्वतः लिहिलं. संकटात एकाचा शब्द चालला पाहिजे, हे त्यांचं मत पूर्ण गेलेलं नव्हतं. संविधान सभेनंही सरकारला आणीबाणीचे अधिकार दिले होते. काही सभासदांनी त्यावर कडाडून टीका केली होती, यातून हुकूमशाही येईल म्हणून. पण त्या अधिकारांना मुदतीचा लगाम होता. संसदेनं मान्यता दिली नाही तर तेव्हाच्या कलमाप्रमाणं दोन महिन्यांत घोषणा आपोआप संपत होती. बाईंनी तोच धागा धरला. खालच्या शाळेच्या फाटकाला पाणी लागलं की प्रमुखाचा शब्द अखेरचा, पण दोन दिवस. त्यानंतर गल्ली जिथं असेल तिथं जमेल आणि पुढं काय ते हात वर करून ठरवील. बैठक बोलवायची आठवण करून देण्याचं काम फातिमाकडं दिलं. आणि शेवटचं कलम असं की यातलं कुठलंही कलम वार्षिक सभेत बदलता येईल.

तेवीस सालच्या उन्हाळ्यात हे सगळं मंजूर झालं. नियम म्हणायचं सोडून लोक त्याला ‘आपली घटना’ म्हणू लागले. प्रमुख एका वर्षासाठी निवडायचा ठरला होता. पहिल्या वर्षी बाईच निवडून आल्या, दुसऱ्या वर्षीही.

चोवीस सालच्या जुलैत पाणी चढलं. नृसिंहवाडीच्या देवळात पाणी शिरल्याची बातमी आली तेव्हाच बोट शेडातून बाहेर काढली गेली. खालच्या शाळेच्या फाटकाला पाणी लागलं आणि बाईंनी अधिकार हातात घेतले. आधी अंथरुणावरची माणसं, मग गरोदर बायका, मग लेकरं. कुणाचा फोन लागला न लागला, कुणाचा मामा कोण, काही बघितलं नाही. इलाही फेऱ्यांवर फेऱ्या मारत होता. गल्लीतलं एकही माणूस मागं राहिलं नाही. सगळी वरच्या अंगाच्या शाळेत छावणीला आली, आणि एकवीस सालात जिथं नुसता गलका होता, तिथं या वेळी रांगेत भात वाढला जात होता.

घोळ झाला तो जनावरांचा. बरीच जनावरं आधीच हलवली होती. पण मळ्याकडच्या उंचवट्यावर पाणी चढत नाही, असं म्हणून काही जणांनी म्हशी तिथं नेल्या होत्या. गणपतरावांच्या होत्या, आणि सरुबाईच्या दोन होत्या. सरुबाई एकटी बाई, रोजगाराला जाते आणि दूध घालून घर चालवते. पाणी उंचवट्याच्या कडेला लागलं आणि मधला ओढा नदीसारखा वाहू लागला. बाईंनी हुकूम दिला. बोट जनावरांसाठी जाणार नाही.

दोन दिवस झाले. वैरण संपली असणार हे सगळ्यांना कळत होतं. फातिमा बाईंजवळ येऊन हळू म्हणाली, “मुदत संपली, बाई. सभा बोलवाय पायजे.”

बाई म्हणाल्या, पाणी अजून उतरलेलं नाही, माणसं थकलीयत, उद्या बघू.

“उद्याचं आपन लिवल्यालं न्हाय.”

बाईंना राग आला. घसा बसलेला, डोळे चुरचुरत होते आणि आपण चूक करतोय असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं की त्या क्षणी त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली. अधिकार सोडायला तयार नसलेला प्रत्येक माणूस असंच म्हणत असणार की पाणी अजून उतरलेलं नाही. त्या उठल्या आणि सातवीच्या वर्गात सभा बोलावली.

बाकांवर ओल्या चादरी वाळत होत्या. बाईंनी आपली बाजू मांडली. ओढ्याला ओढ आहे, बोट उलटली तर इलाहीच्या घरच्यांना मी काय सांगू? गणपतराव काही बोलले नाहीत. त्यांनी मागणी केली असती तर मोठ्या माणसाच्या म्हशींसाठी बोट, असा अर्थ झाला असता, हे त्यांना कळत होतं. बोलली ती सरुबाई. आजवर एकाही बैठकीत तिनं तोंड उघडलं नव्हतं.

“बाई, तुमच्या पगाराला पूर लागत न्हाय,” ती म्हणाली. “माजा पगार तितं उंचवट्यावर हुबा हाय.”

बाईंनी मत घ्यायला सांगितलं. हात वर झाले. बोट जावी, उजेड असताना जावी आणि इलाही म्हणेल तेव्हाच जावी, असं ठरलं. बाईंचा हात विरोधात होता आणि त्यांच्या बाजूला फारच थोडे हात होते. निकाल त्यांनीच वाचून दाखवला, बसक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

इलाही पाण्यापाशी जाऊन आला आणि म्हणाला, “आज न्हाय.” ज्यांनी हात वर केले होते तेही चुळबुळले, पण त्याच्यावर जोर कुणी केला नाही. कलम त्याच्या बाजूनं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ थोडी कमी झाली. इलाही निघताना सरुबाई बोटीशी येऊन उभी राहिली. म्हशी माझ्या हाकेशिवाय पाण्यात उतरणार नाहीत, मी येते, म्हणाली. बाईंनी पुढं होऊन आपल्या हातांनी तिला जाकीट घातलं, पट्टे आवळले, आणि बोट पलीकडं जाईपर्यंत काठावरच्या खांबाला बांधलेला बोटीचा दोर धरून उभ्या राहिल्या. पलीकडून सरुबाईची हाक ऐकू आली. मग पाण्यावर काळी डोकी दिसू लागली. दोर लावलेली पहिली म्हैस बोटीमागं, आणि तिच्यामागं बाकीच्या, नाकं वर धरून पोहत आलेल्या. गणपतरावांचं एक रेडकू मधल्या धारेत सुटलं आणि गेलं. बाकी सगळी जनावरं काठाला लागली. गणपतरावांनी म्हशींवरून हात फिरवला आणि वैरण टाकली.

इलाही बोटीतून उतरल्यावर बाई त्याच्याजवळ गेल्या. मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. इलाही हसून म्हणाला, “म्हनून तर सभा हाय की.”

दिवाळीनंतर वार्षिक सभा झाली. बाईंनी स्वतः दुरुस्ती आणली. पाण्याचा पहिला इशारा आला की जनावरं हलवायचीच, आणि समितीत एक जागा जनावरं पाळणाऱ्यांची. ती एकमतानं झाली आणि त्या जागेवर सरुबाईला नेमलं. मग कुणीतरी उठून म्हणालं की बाईंनी पुरात एवढं चांगलं काम केलं, तर आणीबाणीची मुदत दोनाची चार दिवस करावी. बाई लगेच उभ्या राहिल्या.

“चांगल्या माणसाकडं बघून कलम लिहायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “उद्या इथं कोण बसेल ते आपल्याला माहीत नाही. आणि मी चांगली वागले, कारण फातिमाभाभींनी मला दुसरा दिवस संपल्याचं सांगितलं.”

ती दुरुस्ती पडली. तिसऱ्यांदा प्रमुखपदाला बाई उभ्या राहिल्या नाहीत. फातिमा निवडून आली. शिवणयंत्रामागच्या भिंतीवर तिनं बोटीच्या इंजिनाची किल्ली अडकवलीय. येता-जाता लोक तिला जाब विचारतात, आणि ब्लाउजाला काज करता करता ती उत्तरं देते. बाईंच्या तासाला आता पोरं कलमं पाठ करण्याआधी भांडतात. राष्ट्रपती थोर का पंतप्रधान, न्यायाधीश कुणी नेमावे, मतदानाचं वय किती असावं. शेजारच्या वर्गावरचे सर आवाजाची तक्रार करतात. बाई दार लावून घेतात आणि भांडण चालू ठेवतात.

परवा नदीपलीकडच्या एका गावची चार-पाच माणसं आली होती. त्यांनाही बोट मिळणार आहे. तुमची घटना तेवढी द्या, नावं बदलून घेतो, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि प्रत पुढं ठेवली. आपल्या घटनाकारांनीही जगभरातल्या घटना वाचल्या होत्या, चांगलं ते उचललं होतं, त्यात लाजायचं काही नाही, असं सांगितलं. पण उचलताना त्यांनी प्रत्येक गोष्टीला विचारलं होतं, हे आपल्या मातीत चालेल का? तेवढं तुम्हाला स्वतःच करावं लागेल.

त्यांच्यातल्या एकानं प्रत उघडली आणि प्रमुख एका वर्षाचा वाचून म्हणाला, आमच्यात एका वर्षात काय होत नाही, पाच वर्षं तरी पाहिजेत. दुसरा लगेच म्हणाला, पाच वर्षं तुलाच बसायचंय, म्हणून तू बोलतोस. तिसऱ्यानं कप खाली ठेवला आणि दोघांना आपलं मत सांगायला लागला.

बाईंनी खुर्ची मागं सरकवली आणि ऐकत बसल्या.